राजीनाम्याआधीचे आगरकर

एका जिल्हा दैनिकात नऊ वर्षे उपसंपादक म्हणून काम करणाऱ्या वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळून पत्राचा मुख्य भाग येथे देत आहे.

‘कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ आमच्याकडच्याही अनेक गावांनी तसेच ठराव केले. प्रत्यक्षात कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बऱ्याच ठिकाणी चालूच आहे, असे स्फुट, म्हणजे छोटे संपादकीय टिपण, मी लिहिले. पान लागले होते. रात्री संपादकांनी स्फुट काढून त्या जागी जाहिरात टाकली. ठरावांच्या सत्कार समारंभांना आमचे मालक प्रमुख पाहुणे होते, हे कारण मला दुसऱ्या दिवशी समजले. असे यापूर्वीही दोनदा झाले आहे. मतभेद होताच आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि ‘सुधारक’ काढला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. मीही राजीनामा देऊन दोन मित्रांसह स्वतःचे वृत्तसंकेतस्थळ सुरू करावे, असे मनात पक्के होत आले आहे. सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक आहे. पत्नीची नोकरी कंत्राटी आहे आणि तिचा या विचाराला विरोध आहे. थांबलो तर मी भित्रा ठरेन का?’

तुमच्या पत्राला उत्तर देताना मी आगरकरांनाच पुढे ठेवणार आहे. दाखला तुम्हीच दिला आहे आणि माझ्या मते तो अर्धाच दिला आहे. ‘मतभेद होताच’ हे तुमचे दोन शब्द इतिहासाला धरून नाहीत. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला आणि आगरकर संपादकपदावरून दूर झाले ते ऑक्टोबर १८८७ मध्ये. मधल्या जवळजवळ सात वर्षांत ते त्या वृत्तपत्राचे संपादक होते, त्या पत्रासाठी तुरुंगात गेले, सहकाऱ्यांना न पटणारी मते त्याच पत्रातून मांडत राहिले आणि त्यावरून होणारे वादही त्यांनी तिथेच राहून केले. आपण त्यांच्या चरित्रातला बाहेर पडण्याचा दिवस तेवढा लक्षात ठेवतो. तुम्हाला आज खरी गरज आहे ती त्याआधीच्या सात वर्षांची.

पहिला फरक आधीच नोंदवतो, म्हणजे पुढची तुलना सरळ होईल. आगरकरांच्या डोक्यावर मालक नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी या मंडळींनी मिळून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे काढली. टिळकांकडे प्रामुख्याने इंग्रजी ‘मराठा’ होता, आगरकरांकडे मराठी ‘केसरी’. मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री गेले, तरी पत्र मंडळाचेच राहिले आणि त्यात छापलेले मत मंडळाचे मत समजले जाई. त्यामुळे आगरकरांचा झगडा बरोबरीच्या मित्रांशी होता. रात्री फोन करून पान बदलायला लावणारा कोणी वरिष्ठ त्यात नव्हता. बरोबरीच्या माणसांशी होणाऱ्या वादात युक्तिवादाला किंमत असते. तुमच्या मालकांचे हितसंबंध युक्तिवादाने बदलणार नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. या एका मुद्द्यावर तुमची परिस्थिती आगरकरांपेक्षा अवघड आहे आणि ते मान्य करूनच मी पुढे लिहितो आहे.

दुसरा फरक पोटाचा आहे. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. घरची अत्यंत गरिबी, शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असे फिरणे, मामलेदार कचेरीत उमेदवारी, अकोल्याहून मॅट्रिक, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्त्या, बक्षिसे आणि लेखनाचे चार पैसे यांवर काढलेली वर्षे. एम.ए. होत असताना त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागून आपले पांग फिटतील, असे तुला वाटत असेल, पण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून उरलेला वेळ मी लोकांसाठी खर्च करणार आहे, असा त्याचा आशय. हे पत्र आपण त्यागाचा नमुना म्हणून वाचतो आणि ते आहेच; पण त्यातल्या ‘पोटापुरत्या’ या अटीकडे आपले लक्ष जात नाही. पोटापुरती सोय आगरकरांनी आधी केली होती. जानेवारी १८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते पुढल्या वर्षी दाखल झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि शिक्षक व प्राध्यापक म्हणून मिळणाऱ्या तुटपुंज्या पण नियमित पगारावर त्यांचे घर चालत होते. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला तेव्हा कॉलेज सोडले नाही. लेखणी ज्या पत्रात चालत होती तिथून ते उठले. ज्या ठिकाणाहून घरात धान्य येत होते तिथे ते अखेरपर्यंत राहिले आणि १८९२ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले.

तुमच्या बाबतीत लेखणी आणि धान्य दोन्ही एकाच इमारतीतून येतात. राजीनामा दिलात की दोन्ही एकाच दिवशी थांबतील आणि सहा महिन्यांची शिल्लक त्या दिवसापासून वितळू लागेल. पोर्टलला जाहिरात लागते, जिल्ह्यातील जाहिरातदार ठरलेले असतात आणि त्यांतले निम्मे तुमच्या सध्याच्या मालकांच्या ओळखीचे असणार. चौथ्या-पाचव्या महिन्यात एखादा पतसंस्थावाला किंवा बांधकाम व्यावसायिक वार्षिक जाहिरातीचा प्रस्ताव घेऊन तुमच्याकडे येईल आणि त्या वेळी तुमच्यात ‘नाही’ म्हणण्याची ताकद उरलेली नसेल. मालक नको म्हणून बाहेर पडलेला पत्रकार वर्षभरात त्याहून लहान आणि त्याहून आग्रही मालकाच्या हाताखाली गेलेला आपण तालुक्यातालुक्यात पाहतो. म्हणून तुमच्या पत्नीच्या विरोधाला मी भीती म्हणणार नाही. त्यांनी हिशेब तुमच्याआधी केला आहे, एवढेच त्यातून दिसते.

आता मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण स्वतःचे पत्र चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचायला हवे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराव यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा तेव्हा महाराष्ट्रभर होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी तो विषय जोराने लावून धरला. बर्व्यांनी लिहिल्याचे सांगितले जाणारे काही कागद हाती आले आणि त्यांवर विसंबून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ते कागद कोर्टात टिकले नाहीत. दिलगिरी व्यक्त करूनही उपयोग झाला नाही आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या काळात दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो रामशेठ उरवणे यांनी, आणि तोही जोतीराव फुले यांच्या शब्दावरून. ज्या विष्णुशास्त्र्यांनी जोतीरावांवर जहाल टीका केली होती, त्यांच्याच पत्राच्या संपादकांसाठी जोतीराव धावून आले, हे मला त्या काळच्या पुण्याविषयीच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक सांगून जाते.

तुरुंगात हे दोघे मित्र एका खोलीत होते. रात्री त्यांच्यात वाद रंगत आणि आवाज एवढे चढत की पहारेकऱ्याला येऊन गप्प राहण्यास सांगावे लागे, अशी आठवण पुढे सांगितली गेली आहे. देशाची स्थिती, शिक्षण, समाजसुधारणा, स्वराज्य हेच विषय. म्हणजे १८८७ मध्ये जो मतभेद फुटला तो १८८२ मध्येच त्या खोलीत बसलेला होता, दोघांनाही तो माहीत होता आणि तरीही २६ ऑक्टोबरला बाहेर आल्यावर दोघांनी पुन्हा त्याच पत्राचे काम सुरू केले. मतभेद असणे आणि सोबत काम करता न येणे यांत पाच वर्षांचे अंतर असू शकते. आगरकरांनी पुढे या कैदेवर ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. ते जरूर वाचा, कारण स्वतःवरच्या संकटाकडे विनोदाने पाहणारा आगरकर आपल्या पाठ्यपुस्तकांतून गळून गेला आहे.

या प्रकरणातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. बातमी खरी असणे आणि ती कोर्टात सिद्ध करता येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा होऊ शकते. सध्या तुमच्या नावाने नोटीस आली तर दैनिकाचा वकील उत्तर देतो. पोर्टल तुमचे असेल तेव्हा वकिलाची फी तुमची, तारखेला जाणारे तुम्ही, आणि त्या दिवशी पोर्टल सांभाळणारेही तुम्हीच. डिजिटल वृत्तमाध्यमांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तेही काम तिघांपैकी एकाच्या गळ्यात पडेल. छापील साप्ताहिकाचा विचार असेल तर नोंदणीची पद्धत २०२३ च्या नव्या कायद्याने बदलली असून अर्ज आता ऑनलाइन होतो. जुन्या पत्रकारांकडून ऐकलेली माहिती त्यासाठी पुरेशी नाही.

मग आगरकरांनी ‘केसरी’ सोडला तो कशावर? येथे मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या ठिकाणी आहे. मुंबईचे पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि सामाजिक प्रश्नांत सरकारने कायदा करावा की नाही, हा वाद पेटला. आगरकर कायद्याच्या बाजूचे होते. लोकांनी स्वतः सुधारावे हे उत्तम, पण ते सुधारेपर्यंत ज्या मुलीचा जन्म जळतो तिने वाट का पाहावी, अशी त्यांची भूमिका होती. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, राजकीय हक्क आधी, हे टिळकांचे म्हणणे. रखमाबाईंच्या खटल्याने हा वाद टोकाला नेला. लहानपणी लग्न लावून दिलेल्या आणि मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या या बाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाही तर तुरुंगात जा, असे सांगितले. आगरकर त्यांच्या बाजूने होते, टिळक विरुद्ध होते, आणि पत्र दोघांचे होते. त्यातच डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील पगार, बाहेरची मिळकत, आजीव सदस्यांचे नियम यांवरूनही दोघांत खटके उडत होते. (हा भाग आपण शाळेत शिकवत नाही, कारण पैशांवरून भांडणारे थोर पुरुष आपल्याला सोयीचे वाटत नाहीत. पण नऊ वर्षे डेस्कवर काढलेल्या माणसाला पगाराचे आणि तत्त्वाचे भांडण एकमेकांत किती सहज मिसळते हे सांगावे लागू नये.)

अशा स्थितीत आगरकरांपुढे प्रश्न होता तो ‘माझा लेख छापला जातो की नाही’ यापुरता नव्हता. ते संपादक होते. पत्राने रखमाबाईंच्या विरुद्ध किंवा सामाजिक सुधारणेच्या कायद्याविरुद्ध जे काही म्हटले असते त्याची जबाबदारी त्यांच्या नावावर पडली असती. स्वतःचे मत मांडता न येणे ही एक अडचण झाली. आपल्या नावाने उलटे मत मांडले जाणे ही दुसरी, आणि या दोहोंत मी मोठा फरक करतो. पहिलीत माणूस गप्प असतो, दुसरीत तो खोटा ठरतो. पहिली परिस्थिती आगरकरांनी काही काळ सोसली, वाद घालून, सवलत मिळवून, वाट पाहून. दुसरी जवळ आली तेव्हा ते उठले.

आता तुमच्याकडे पाहा. तुमचे स्फुट काढले गेले. हा अन्याय आहे, आणि तुम्हाला न विचारता रात्री काढले गेले हा त्यावर अपमान आहे. परंतु तुमच्या पत्रात तुम्हाला विरुद्ध बाजूने लिहायला लावल्याचा उल्लेख कोठेही नाही. त्या समारंभांचे कौतुक करणारा मजकूर तुमच्या हातून लिहून घेतला गेला असेल, तुमच्या सहीच्या सदरातून मालकांची भलामण करून घेतली गेली असेल, हेरवाडसारख्या ठरावानंतरही बांगड्या फोडल्या गेलेल्या बाईची बातमी ‘असे काही घडले नाही’ अशी फिरवायला तुम्हाला सांगितले गेले असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे: शिल्लक सहा महिन्यांची असो की सहा आठवड्यांची, बाहेर पडा आणि मिळेल ते काम करा. पण ते घडले नसेल तर आज राजीनामा देऊ नका. थांबण्याने तुम्ही भित्रे ठरत नाही. आगरकर १८८२ पासून १८८७ पर्यंत भित्रे होते असे म्हणायला कोणी धजणार नाही.

थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, म्हणून आता त्या स्फुटाविषयी. मी ते वाचलेले नाही, पण तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते मत होते, बातमी नव्हती. ‘बऱ्याच ठिकाणी चालूच आहे’ हे वाक्य संपादकाला कापायला सर्वांत सोपे असते, कारण त्यात गाव नाही, तारीख नाही, माणूस नाही. ठराव केलेल्या गावांपैकी पाच गावे घ्या. ग्रामसेवकाकडून ठरावाची प्रत घ्या, ठरावानंतर त्या गावात पती वारलेल्या ज्या बाया बोलायला तयार असतील त्यांच्याशी त्यांचे नाव न छापण्याच्या अटीवर बोला, ठरावाला सूचक-अनुमोदक कोण होते ते पाहा आणि त्यांच्याच घरात काय घडले ते विचारा. आशा सेविकेला आणि अंगणवाडीच्या ताईंना याची जितकी माहिती असते तितकी सरपंचाला नसते. एवढे हाती आले की ते स्फुटाच्या जागेसाठी देऊ नका, जिल्हा पानासाठी वृत्तमालिका म्हणून द्या. मालक समारंभाला गेले होते, हा त्यांचा दोष नाही. ठराव अमलात आला नाही, हा ग्रामपंचायतीचा आणि प्रशासनाचा विषय आहे. मालकांचा अपमान न होता मजकूर छापून येण्याची वाट त्यात आहे, आणि तुमच्या संपादकांनाही ती हवी असण्याची शक्यता मी धरून चालतो. रात्री पान बदलणारा संपादक पुष्कळदा स्वतःच कात्रीत सापडलेला असतो.

ही मालिकाही काढली गेली तर संपादकांना लेखी विचारा. भांडणाच्या सुरात नव्हे, दोन ओळींच्या ईमेलने: अमुक तारखेला दिलेला मजकूर कोणत्या कारणाने थांबवला, त्यात काय दुरुस्ती अपेक्षित आहे. उत्तर येवो न येवो, नोंद राहते. ही नोंद पुढे उपयोगी पडू शकते, त्याचे कारण असे की १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात एक लक्षात न राहणारी तरतूद होती. एरवी स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्या पत्रकाराला ग्रॅच्युइटीसाठी दहा वर्षांची सलग सेवा लागे. परंतु विवेकबुद्धीला पटत नाही या कारणावरून राजीनामा दिला असेल तर तीन वर्षे पुरत. आपला मजकूर, आपले मत आणि आपली नोकरी यांत कधी तरी असा पेच येणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. नव्या कामगार संहितांनी या कायद्याची चौकट बदलली आहे, म्हणून तुमच्या नऊ वर्षांना आज नेमके काय लागू होते हे पत्रकार संघातील जाणत्या माणसाकडून किंवा कामगार कायदा पाहणाऱ्या वकिलाकडून राजीनामा लिहिण्यापूर्वी तपासून घ्या, लिहिल्यानंतर नव्हे. नेमणूकपत्रावर तुमचे पद ‘उपसंपादक’ आहे की ‘कार्यकारी सहायक’ वा ‘कंत्राटी’ असे काही आहे, हेही पाहा. जिल्हा दैनिकांत कागदावरचे पद आणि टेबलावरचे काम यांत फार अंतर असते.

पोर्टलचा विचार सोडून द्या, असे मी म्हणत नाही. आगरकरांनी ऑक्टोबर १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि ‘सुधारक’चा पहिला अंक १५ ऑक्टोबर १८८८ रोजी काढला. मध्ये जवळजवळ एक वर्ष गेले. या सुमारास त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी वाक्यरचनेवरचे पुस्तक निघाले, म्हणजे महाराष्ट्राला हादरवणारे लेख लिहिण्याच्या उंबरठ्यावर हा माणूस वाक्याचे पृथक्करण करत बसला होता. ‘सुधारक’चे निबंध वाचताना हे सारखे जाणवते. वाक्य कितीही लांब असो, कर्ता हरवत नाही आणि कारण सुटत नाही. स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही, असा अनेकांना क्षुल्लक वाटणारा प्रश्नही ते त्याच गंभीरतेने घेतात आणि पेहरावासारखी रोजची बाबसुद्धा तर्काच्या कक्षेबाहेर ठेवत नाहीत. तुमच्या पोर्टलला अशा लेखनाची गरज पडेल, कारण तुमच्याकडे दैनिकाचा खप नाही, आवृत्त्या नाहीत. वाचक येईल तो मजकुरासाठीच.

शिवाय आगरकर एकटे नव्हते. ‘सुधारक’ मराठी आणि इंग्रजी असा दुहेरी होता आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत, जे वयाने त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान आणि त्याच संस्थेत शिक्षक होते. कोणी काय लिहायचे ते पहिल्या अंकापासून ठरलेले होते. तुम्ही तिघे मित्र आहात एवढेच तुमच्या पत्रात आहे. तिघांपैकी कोणाचा शब्द अखेरचा, मतभेद झाला तर सही कोणाची, कर्ज झाले तर कोणाच्या नावावर, हे कागदावर घ्या. टिळक-आगरकरांसारख्या माणसांच्या मैत्रीलाही या प्रश्नांनी तडा गेला आणि पुढे १८९१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ घेतले ते कर्जाच्या बोज्यासह. वृत्तपत्र आपल्याकडे आले म्हणजे देणीही आली, हे त्यांना समजत होते. तुमच्या मित्रांना ते समजते का, ते एकदा चहाच्या टपरीवर नव्हे तर हिशेबाची वही घेऊन विचारा.

किंमत किती पडते याविषयीही मोघम बोलणे बरे नाही. ‘सुधारक’च्या मतांवर चिडलेल्या पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांची त्यांच्या हयातीत प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरलेले होते, कॉलेजचे शिकवणे आणि पुढे प्राचार्यपद, त्यात दर आठवड्याला पत्राचा मजकूर. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा वयाची चाळिशीही झाली नव्हती. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. आणि या सगळ्यात यशोदाबाई होत्या. त्यांची श्रद्धा, त्यांचे देवधर्म पतीच्या मतांशी जुळणारे नव्हते. आगरकरांनी ते मोडून काढले नाहीत, पण शेजारपाजारची बोलणी आणि बहिष्काराचे वातावरण मात्र त्यांना रोज सोसावे लागले. ज्याने सबंध महाराष्ट्राला बुद्धीने पटवण्याचा आग्रह धरला त्याने घरात सक्ती केली नाही, ही गोष्ट मी त्यांच्या अग्रलेखांच्या बरोबरीची मानतो. तुम्ही पत्नीच्या विरोधाचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. त्यांना नेमके काय खटकते ते विचारले आहे का? सहा महिने कमी वाटत असतील तर किती पुरतील, जाहिरात कोणाची घेऊ नये असे त्यांना वाटते, रात्रीची धमकी आली तर घरात काय करायचे, या प्रश्नांवर त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय पोर्टलचे नावही नोंदवू नका.

माझ्या दृष्टीने पुढचे वर्ष असे घालवावे. नोकरी चालू ठेवा. पगारातून शिल्लक सहा महिन्यांवरून किमान दीड वर्षापर्यंत न्या, किंवा वृत्तपत्राबाहेरचे एखादे नियमित काम मिळवा: पत्रकारिता अभ्यासक्रमाचे तासिका तत्त्वावरील अध्यापन, भाषांतर, मुद्रितशोधन, काहीही, पण जाहिरातदाराशी संबंध नसलेले. मालकांच्या दैनिकाशी स्पर्धा होईल असे लेखन नोकरीत असताना दुसऱ्या नावाने करू नका. ते उघड होतेच आणि मग तत्त्वाचा मुद्दा मागे पडून शिस्तभंगाचा पुढे येतो. दर महिन्याला एक असा लेख लिहून ठेवा जो तुमच्या दैनिकात छापून येणार नाही, आणि तो त्या दोन मित्रांना दाखवा. वर्षाअखेरीस बारा लेख झाले आणि ते आगरकरांच्या कसोटीवर, म्हणजे जे इष्ट आहे ते बोलणारे पण जे साध्य आहे त्याची वाटही दाखवणारे असे उतरले, तर पोर्टलसाठी मजकूर आहे असे समजा. चारच झाले आणि तेही मालकांवरच्या रागाचे असले, तर तुम्हाला पोर्टल नको आहे, दुसरे दैनिक हवे आहे. आणि दुसऱ्या दैनिकात अर्ज करण्यात कमीपणा नाही.

त्या पाच गावांपैकी पहिल्या गावाला येत्या सुट्टीच्या दिवशी जा. ठरावाची प्रत मागायला ग्रामपंचायत उघडी असते त्या दिवशी अर्धी रजा टाकावी लागली तरी टाका, आणि मिळालेल्या प्रतीवर ग्रामसेवकाची सही व शिक्का आहे ना, ते तिथेच पाहून घ्या.